जून उजाडण्याआधी: मुलांच्या कपड्यांच्या खर्चाबद्दल कळकळीचं आवाहन

पालकहो, आजी-आजोबांनो आणि शाळा चालवणाऱ्या सर्वांनो,

मे सरत आला आहे. जूनच्या मध्यावर राज्यभरातल्या शाळा उघडतील. विदर्भात ऊन उतरायला वेळ लागतो, म्हणून तिथे जरा उशिरा. त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत पुण्याचा लक्ष्मी रस्ता, दादरचा रानडे रोड, नागपूरची सीताबर्डी, कोल्हापूरचा महाद्वार रोड इथे पाय ठेवायला जागा उरत नाही. वह्या, दप्तर, रेनकोट, बूट आणि कपडे. पगार झालेला असो वा नसो, ही खरेदी टळत नाही. कुणी बचत गटातून उचल घेतं, कुणी दागिना गहाण टाकतं, कुणी मोबाइलवर हप्ते बांधून घेतं. तुम्ही खरेदीला बाहेर पडण्याआधी हे आवाहन वाचावं आणि शेजारच्या घरातही वाचून दाखवावं, अशी हात जोडून विनंती आहे.

मागणं सरळ आहे. मुलांच्या कपड्यांवरचा खर्च आपण आवरायला हवा, आणि सुरुवात ज्यांना परवडतं त्यांनी करायला हवी.

आधी परवडणाऱ्यांनी का?

काटकसरीचे सल्ले नेहमी गरिबाला दिले जातात. ज्याच्या हातात मुळातच कमी आहे त्याला काटकसर शिकवावी लागत नाही, ती तो रोज करत असतो. मुलांच्या कपड्यांच्या बाबतीत त्याची अडचण वेगळी आहे. किती खर्च करायचा हे ठरवणं त्याच्या हातात राहिलेलं नाही. ते बऱ्या परिस्थितीतले पालक ठरवतात, बहुतेक वेळा त्यांच्या ध्यानीमनीही नसताना.

सोसायटीतल्या एका घरी पहिल्या वाढदिवसाला आई, बाबा आणि बाळ यांचे एकाच कापडाचे कपडे शिवले गेले, की पुढच्या प्रत्येक घराला ते शिवावेसे वाटतात, आणि मग शिवावेच लागतात. वर्गातल्या चार मुलांनी स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी भाड्याच्या पोशाखाऐवजी विकतचा आणला, की रंगमंचावर सगळी एकसारखी दिसावीत म्हणून बाकीच्यांनाही तोच आणायला सांगितला जातो. कुणी कुणाला दरडावत नाही, तरी सक्ती होते. ती मोडायची ताकद ज्याला सक्ती सोसावी लागते त्याच्यात नसते. ज्याच्यामुळे ती सुरू झाली, तोच ती सहज मोडू शकतो.

मी शाळेत शिकवलं आहे, त्यामुळे हे जवळून पाहिलं आहे. बालवाडीत ‘यलो डे’ असतो. आदल्या दिवशी दुपारी पालकांच्या गटावर निरोप जातो: उद्या पिवळे कपडे. सकाळी बहुतेक मुलं नवीकोरी येतात, काहींच्या कॉलरमागे किमतीच्या चिठ्ठीचा दोरा अजून लटकत असतो. एकदा एक मुलगी आली, तिच्या नेहमीच्या पांढऱ्या फ्रॉकवर आईने स्वतःची पिवळी ओढणी धावदोरा घालून बेतली होती. टाके बारीक होते, एका रेषेत होते. रात्री जागून घातलेले असणार. फोटो काढताना ती पोर ओढणीची सुटलेली कड मुठीत धरून उभी राहिली. ती निदान आली. अशा दिवशी हमखास दोन-तीन मुलं गैरहजर असतात आणि दुसऱ्या दिवशी डायरीत ‘ताप होता’ अशी चिठ्ठी येते. दर रंगाच्या दिवशी त्याच मुलांना ताप येतो, हे कुठल्याही बाईंना विचारा, त्या सांगतील.

चार वर्षांच्या मुलाला पिवळा रंग ओळखायला शिकवायचं तर झेंडूचं फूल पुरतं. नवा सदरा लागत नाही.

अंग वाढतं, कपडा कपाटात राहतो

दिवस पूर्ण भरून जन्मलेलं बाळ साधारण ५० सेंटिमीटर लांब असतं. वर्षाचं होईस्तोवर ते ७५ सेंटिमीटरच्या आसपास पोचतं आणि वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होतं. म्हणजे पहिल्या वर्षातच तीन-चार मापं बदलतात. बारशाला आलेल्या तीन महिन्यांच्या मापाच्या झबल्यांची पुष्कळदा घडीसुद्धा मोडत नाही. चौथ्या वर्षाच्या सुमारास मूल जन्माच्या दुप्पट उंचीचं होतं. पुढे वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं आणि वयात येताना एकाच वर्षात आठ-दहा सेंटिमीटरही वाढू शकतं. या वेगाशी कुठल्याही बापाच्या खिशाला शर्यत लावता येणार नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होतं. तान्ह्याची झबली-टोपडी जुन्या सुती लुगड्याची किंवा धोतराची शिवत, कारण अनेकदा धुऊन मऊ पडलेलं कापड कोवळ्या कातडीला टोचत नाही. मोठ्या मुलांसाठी शिंप्याला ‘वाढत्या अंगाचं शिवा’ असं सांगितलं जाई. मग तो तळाला चार बोटं कापड आत दुमडून ठेवी, बाजूच्या शिवणीतही थोडं दाबून ठेवी. वर्ष उलटलं की टीप उसवायची, दुमड खाली सोडायची, इस्त्री फिरवायची. जुन्या दुमडीची फिकट रेघ दिसायची आणि त्याची कुणाला लाज वाटत नसे, कारण वर्गातल्या प्रत्येकाच्या पँटला ती असायची.

आजही दुकानात कपडा हातात घेतला की आधी तो उलटा करा. तळाची दुमड बोटांनी मोजा, काखेतली शिवण ताणून पाहा, बटणाच्या काजांचे दोरे बघा. दुमड दोन बोटांची असेल, शिवण दुहेरी असेल, तर तो कपडा दोन वर्षं जाईल. समोरचं चित्र, चमकी आणि छाप यांच्याकडे त्यानंतर पाहा.

दुसरा हिशेब किमतीचा. चिठ्ठीवरच्या आकड्याला तो कपडा किती वेळा घातला जाईल त्या आकड्याने भागा. ४०० रुपयांचा सुती फ्रॉक वर्षभरात ५० वेळा अंगावर येतो, म्हणजे एका वेळचे ८ रुपये. ३००० रुपयांची छोटी शेरवानी मामाच्या लग्नात एकदा आणि वाढदिवसाला एकदा, म्हणजे एका वेळचे १५०० रुपये. त्यात आणखी एक भर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. कर सोडून ३००० रुपये किंमत असलेल्या कपड्यावर ५४० रुपये नुसता कर झाला. तेवढ्यात एक चांगला सुती फ्रॉक येतो आणि वर सुटे पैसेही उरतात.

खर्चापलीकडची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिच्यात जिवाचा धोका आहे. बाळांसाठी मिळणारे पार्टीचे कपडे बहुतेक नायलॉनच्या जाळीचे, पॉलिस्टरचे असतात. असं कापड पेटलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. आणि नेमकं तेच घालून आपण बाळाला पाटावर बसवतो, औक्षणाचं निरांजन त्याच्यासमोर ओवाळतो, दिवाळीत फुलबाजी हातात देतो. औक्षणाला आणि दिवाळीला मुलांना अंगाबरोबर बसणारे सुती कपडेच घाला. तीन वर्षांखालच्या बाळाच्या कपड्यावर सुटे मणी, टिकल्या, सैल बटणं नकोत, ती तोंडात जातात आणि घशात अडकतात. टोपडं किंवा झबलं बंदाचं असेल तर बंद आखूड ठेवा, बाळ झोपलं की सोडा.

मग किती खर्च करावा?

प्रत्येक घराचं उत्तर वेगळं असणार, तरी एक माप धरून चालता येईल. घरातल्या सगळ्या मुलांचे वर्षभराचे कपडे, गणवेश, बूट, स्वेटर, रेनकोट धरून, घराच्या एका आठवड्याच्या कमाईत बसवावेत. महिना २८,००० रुपये येत असतील तर वर्षाला साधारण ७,००० रुपये. हा आकडा खरेदीच्या आधी कागदावर लिहा आणि कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. दिवाळीसाठी त्यातला किती राखायचा तेही आत्ताच ठरवा. ज्यांची कमाई मोठी आहे त्यांनी ही मर्यादा गाठलीच पाहिजे असं मुळीच नाही. मुलाचं अंग आईबापाच्या पगाराच्या प्रमाणात वाढत नाही.

काही गोष्टींत मात्र हात आखडता घेऊ नका. बूट मुलाच्या पायाच्या मापाचे आणि नवेच घ्या. दुसऱ्याने वापरलेल्या बुटाला त्याच्या पायाचं वळण पडलेलं असतं, म्हणून कपडे जुने चालतात तसे बूट चालत नाहीत. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटेल असं माप घ्या. आतले कपडे सुती, पुरेसे आणि नवे हवेत. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिचे आतले कपडे आईने किंवा मावशीने तिला शांतपणे विचारून, तिच्या मापाचे आणावेत. ‘अजून वर्षभर चालेल’ म्हणून तिला वर्गात अवघडून बसायला लावणं ही काटकसर नव्हे. कोकणात आणि घाटमाथ्यावर रेनकोट चांगलाच लागतो. आणि घरात थोरल्या मुलाला नवं, धाकट्या मुलीला त्याचं उतरलेलं, असं वर्षानुवर्षं चालत असेल तर ते थांबवा. उतरलेले कपडे वापरायचे तर सगळ्यांनीच, फिरवून फिरवून.

मुलं मोठी असतील तर आकडा त्यांच्यापासून लपवू नका. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात त्याच्या वाट्याची रक्कम द्या आणि दुकानात निवड त्याला करू द्या. एका ब्रँडच्या टी-शर्टात तीन साधे टी-शर्ट येतात, हे आपण शंभरदा सांगून कळत नाही. स्वतः पैसे मोजताना त्याला ते चटकन कळतं. ‘आपल्याला परवडत नाही’ हे मान खाली घालून सांगायची गरज नाही. ‘आपण एवढेच खर्च करतो’ हे ताठ मानेने सांगा. मुलं आपल्या शब्दांआधी आपला आवाज ऐकतात.

गणवेशाबद्दल शाळांना

गणवेशाचा एक हेतू वर्गात गरीब-श्रीमंत ओळखू येऊ नये हा. तोच गणवेश आज कित्येक घरांत जूनमधला सगळ्यात जड खर्च झाला आहे. रोजचा गणवेश, खेळाचा वेगळा, हाऊसच्या रंगाचा टी-शर्ट वेगळा, बोधचिन्ह विणलेले मोजे, आणि हे सगळं एकाच दुकानात किंवा शाळेच्याच खिडकीवर. ठरावीक दुकानातून खरेदीची सक्ती करू नका, असे शिक्षण विभागाचे आदेश वर्षानुवर्षं निघत आले आहेत. सीबीएसईनेही २०१७ मध्ये आपल्या शाळांना तसं बजावलं होतं. तरीही हे चालतं, कारण आपल्या मुलावर राग निघेल या भीतीने एकटा पालक गप्प बसतो.

म्हणून एकट्याने जाऊ नका. राज्याच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असायलाच हवा. शाळा सुरू झाल्या झाल्या त्याची बैठक मागा. तिथे तीन मागण्या लेखी द्या: गणवेशाचं कापड आणि रंग जाहीर करा म्हणजे तो कुठेही शिवता येईल, बोधचिन्ह वेगळं द्या म्हणजे ते घरी टाचता येईल, आणि निदान पाच वर्षं गणवेश बदलू नका. ऐकलं नाही तर गटशिक्षणाधिकारी किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे, दहा-वीस पालकांच्या सह्यांनी तक्रार करा. गणवेश एकत्र शिवून घ्यायचं ठरलं तर सोलापूर आहेच. शालेय गणवेश शिवण्यात त्या शहराचा हात धरणारं दुसरं गाव सापडणं कठीण. वीस-पंचवीस पालकांनी मिळून मागणी दिली तर दर आपल्याला ठरवून घेता येतो.

जिल्हा परिषद आणि पालिकेच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना सरकार गणवेश देतं, एका गणवेशामागे ३०० रुपये, असे दोन. त्यात आजच्या शिलाईचा भाव धरला तर कापड कसलं येणार, हे कुठल्याही शिंप्याला विचारून पाहावं. २०२४-२५ मध्ये हे काम राज्य पातळीवरून करायचं ठरलं आणि स्वातंत्र्यदिन आला तरी अनेक मुलांच्या अंगावर नवा गणवेश नव्हता. मिळालेले कित्येक मापाला बसत नव्हते. अखेर हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. समितीत पालक बहुसंख्य असतात. त्या पालकांनी आता गावातल्याच शिवणकाम करणाऱ्या बायकांकडून मापं घेऊन, वेळेत गणवेश शिवून घ्यावेत. आणि सरकारने ही रक्कम वाढवावी. ३०० रुपयांत धड गणवेश होत नाही.

गणवेश अदलाबदल: आधी तुम्ही उचला

आता सगळ्यात महत्त्वाचं मागणं. शाळा उघडण्याआधीच्या शनिवारी-रविवारी प्रत्येक शाळेत, प्रत्येक सोसायटीत आणि वस्तीत कपड्यांची अदलाबदल ठेवा. खर्च काही नाही, तयारी एका दिवसाची. आखूड झालेले गणवेश, स्वेटर, स्नेहसंमेलनाचे पोशाख, लग्नातले कपडे धुवा, इस्त्री करा, तुटलेलं बटण लावा. फाटकं, डागाळलेलं आणू नका. जे आपण स्वतःच्या मुलाला घालणार नाही ते दुसऱ्याच्या मुलालाही नको. प्रत्येक कपड्याला मापाची चिठ्ठी टाचा: छाती २८, कंबर २४, उंची अमुक. देणाऱ्याचं नाव कुठेही लिहू नका. मापाप्रमाणे टेबलं मांडा. ज्याला जे बसेल ते त्याने न्यावं. आणलं तरच न्यायचं अशी अट नको, कुणी किती आणलं याची वही नको, आणि फोटो तर अजिबात नकोत.

हा उपक्रम अनेक ठिकाणी सुरू होतो आणि दुसऱ्या वर्षी बंद पडतो. त्याचं कारण ठरलेलं आहे. ज्यांची परिस्थिती बरी ते कपडे आणून देतात आणि रिकाम्या हाताने घरी जातात. टेबलाशी उरतात ते फक्त गरजू. मग ते दान होतं, आणि दान घेताना दिसायला कुणालाही आवडत नाही. म्हणून डॉक्टरांनो, वकिलांनो, बँकेतल्या आणि आयटीतल्या मंडळींनो, तुम्ही देऊन निघून जाऊ नका. टेबलाशी थांबा, आपल्या मुलाच्या मापाचा कपडा शोधा, सगळ्यांच्या देखत घरी न्या आणि सोमवारी तोच घालून मुलाला शाळेत पाठवा. डॉक्टरांची मुलगी कुणाचा तरी उतरलेला पिनो घालून वर्गात आली, की तो पिनो घालण्यात कुणालाच कमीपणा उरत नाही. हे काम तुमच्या पैशाने होणार नाही, तुमच्या मुलाच्या अंगावरच्या कपड्यानेच होईल.

यातून जे उरेल ते गावातल्या माणुसकीच्या भिंतीवर लावा, नाहीतर जुने कपडे गोळा करून गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या ‘गूंज’सारख्या संस्थांना द्या.

या आठवड्यात करायची कामं

१. मुलांची कपाटं रिकामी करा. प्रत्येक कपडा अंगावर घालून पाहा. बसतात ते, दुमड सोडून बसतील ते आणि आखूड झालेले, असे तीन ढीग करा. हे ढीग लावून होण्याआधी बाजारात जाऊ नका.

२. वर्षभराचा आकडा लिहा. कपड्यांसाठी कर्ज, हप्ते, ‘आता घ्या, नंतर द्या’ यातलं काहीही नको.

३. आजी-आजोबा, मामा, आत्या यांना आत्ताच सांगा: बारशाला, वाढदिवसाला कपडे आणायचेच असतील तर पुढच्या वर्षीच्या मापाचे आणि सुती आणा. त्याहून बरं, त्या पैशांची पुस्तकं आणा किंवा मुलाच्या नावाने पोस्टात ठेवा.

४. घरी वाढदिवस असेल तर निमंत्रणातून ‘थीम’ आणि कपड्यांचा रंग काढून टाका. आपल्या मुलाचा वाढदिवस दुसऱ्या आईच्या डोक्यावरचा खर्च व्हायला नको.

५. शिक्षिकांनो, रंगांचे दिवस आणि विकतचे पोशाख या वर्षीच्या नियोजनातून वगळा. स्नेहसंमेलनाचा नाच गणवेशावर रंगीत ओढणी किंवा फेटा बांधूनही बसवता येतो. मुख्याध्यापकांशी बोलायला पालकांची साथ लागली तर मागा, मिळेल.

६. अदलाबदलीची तारीख आणि जागा ठरवा.

यातलं शेवटचं काम आज रात्रीच होऊ शकतं. वर्गाच्या पालकांच्या गटावर एवढंच लिहून टाका: ‘शाळा उघडण्याआधीच्या रविवारी सकाळी १० वाजता गणवेश आणि कपड्यांची अदलाबदल ठेवू या. मी आमचे आणतेय, आणि मला मुलासाठी २६ मापाची पँट हवी आहे.’ शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्हालाही काही हवं आहे हे वाचल्यावरच बाकीच्यांना मागायचं बळ येईल.